न भरता वाढणारं ऑइल

१

चोर मेला, त्याची तेरवी झाली, तरी चोरी काही थांबली नव्हती.

रजतनं ट्रक आर्वीच्या बाजार समितीमागे, तानबा मिस्त्रीच्या गॅरेजसमोर आणून उभा केला तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते. पण चैत्राचं ऊन असं, की उघड्यावरचा पाना हातात धरवत नव्हता. रजत हा ट्रकमालक चंद्रभानजींचा मुलगा. बापानं जिनिंगच्या कापसाच्या गाठी वाहून धंदा उभा केला, आणि आता गाड्या, ड्रायव्हर आणि भांडणं असा सगळा कारभार पोराच्या हाती आला होता.

"काका, कागद पायजे मले," रजत खाली न उतरताच म्हणाला.

"कायचा कागद?"

"मागं दिलता तसाच. गाडीत काही दोष नाई म्हणून. आठवड्याले सहा-सात लिटर डिझेल अजूनबी कमी भरून राह्यलं. नत्थू मेला, पण टाकीची दुसरी चाबी त्याच्या पोऱ्याकडंच राह्यली ना, त्या प्रफुलकडं. सोमवारी पोलिसात तक्रार देतो त्याच्यावर."

तानबानं चाळीस वर्षं डिझेल इंजिनांचे पंप आणि इंजेक्टर दुरुस्त केले होते. ट्रक स्टँडवर त्याचा शब्द म्हणजे शब्द. तो म्हणाला पंप गेला, की पंप गेला. संक्रांतीच्या सुमाराला त्यानं याच ट्रकबद्दल लिहून दिलं होतं, की गाडीत काही दोष नाही. तो कागद हातात घेऊन रजतनं दहा-बारा ड्रायव्हरांसमोर या गाडीचा ड्रायव्हर नत्थू उइके याला चोर ठरवलं होतं. नत्थूनं कबूलही केलं. नोकरी गेली, आणि होळीच्या आधी नत्थूच गेला. छातीत कळ आली, असं डॉक्टर म्हणाले.

तानबानं खिशातून पेन काढलंसुद्धा होतं. पण टोपण उघडताना हात थांबला. प्रफुल वर्ध्याला राहतो, सिंदी मेघेत खोली करून. माल पोचवायची छोटी गाडी चालवतो. आणि हा ट्रक इथं आर्वीत, चंद्रभानजींच्या यार्डाच्या फाटकाआड, रोज कुलपात. अरे, मग चाबी असली तरी तो चोरतो केव्हा?

"गाडी ठेवून जा," तानबा म्हणाला.

"काऊन? मागं पाह्यली होती ना तुम्ही?"

"पाह्यली होती," तानबा म्हणाला, आणि पेन परत खिशात ठेवलं. पाहिली होती म्हणजे नेमकं काय पाहिलं होतं, तेच त्याला आठवेना.

२

टाकीचं कुलूप शाबूत होतं. तानबा गाडीखाली पोतं टाकून पाठीवर सरकला. पंप, फिल्टर, नळ्या, ऑइलचं चेंबर, सगळ्यांवरून त्यानं बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, डिझेल काही लागलं नाही. आता, बाहेर गळणारं डिझेल कधी लपत नाही. ते धूळ धरतं आणि काळा चिकट डाग पाडतं. आणि आमच्या वर्धा जिल्ह्यात बाकी कशाचीही टंचाई असो, धुळीची नाही. म्हणजे हे डिझेल बाहेर कुठं गळत नव्हतं.

मग त्यानं आदेशला बोलावलं. आदेश हा नवा ड्रायव्हर, नत्थूला काढल्यापासूनचा. तोंडात खर्रा, आणि नजर गॅरेजभर फिरणारी.

"आदेश, खरं सांगजो. टाकीतून काढतो का तू?"

"देवाशपथ नाई, मिस्त्री! एक चाबी आता मालकाच्या खिशात राह्यते. डिझेल भरतानीबी तेच उभे असते बाजूले."

"मग घाबरून काऊन राह्यला?"

आदेशनं बाहेर जाऊन खर्रा थुंकला, परत आला आणि आवाज खाली आणला. "मालकाले सांगू नका. डिझेल नाई काढत, इंजिनातलं ऑइल काढतो. काळं ऑइल. लाकडं कापणाऱ्या आरा मशीनवाल्याले नेऊन देतो."

"एवढी जुनी गाडी. ते ऑइल खात असन. तू काढून देतो कसा?"

"खाते?" आदेश हसलाच. "अजी मिस्त्री, हे गाडी ऑइल खात नाई, देते! दर आठ दिवसानं ऑइल मोजाची पट्टी काढून पाहा तुम्ही, निशाणीच्या वर बोटभर असते. चार-पाच लिटर खाली सोडाच लागते."

"वरून भरते कोण?"

"यार्डवाले भरत असन. मले काय मालूम?"

आदेशला वाटलं, आता आपलं काही खरं नाही, मिस्त्री मालकाला सांगणार. पण मिस्त्रीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तानबानं पायात चपला सरकवल्या आणि तसाच मळक्या कपड्यांनी यार्डाकडे निघाला.

३

चंद्रभानजी यार्डाच्या खोलीत कूलरसमोर बसले होते. थकले होते बिचारे. पोरानं कारभार घेतल्यापासून त्यांना काम उरलं नव्हतं आणि बोलायला माणूसही नव्हता.

"चंद्रभानजी, या गाडीत ऑइल कोण भरते?"

"ड्रायव्हर भरत असन. आमी तं थेंबबी नाई टाकत. ऑइलच्या डब्याले माझं कुलूप हाय, सील पाहा ना त्याचं."

तानबानं पाहिलं. सील दिवाळीपासूनचं, फोडलेलंच नाही. ड्रायव्हर म्हणतो यार्डवाले भरतात, यार्डवाले म्हणतात ड्रायव्हर भरतो. कोणीच भरत नाही, आणि ऑइल दर आठवड्याला वाढतं! चाळीस वर्षांत असं इंजिन त्यानं पाहिलं नव्हतं, आणि तरी मनात कुठंतरी त्याला उत्तर कळायला लागलं होतं. कळू नये, असंही वाटायला लागलं होतं.

"नत्थूबी काढत होता का असं ऑइल?"

"काढे ना! दर रविवारी गाडीखाली पिवळा डबा लावे. सारा स्टँड पाहे. विचारलं तं म्हणे, काळं ऑइल हाय, घराच्या खांबायले लावतो, उधई लागते म्हणून. आता तुमीच सांगा मिस्त्री, दर रविवारी कोणाचं ऑइल निघते? लोकायले वाटलं, डब्यात डिझेलच असन. प्रफुललेबी वाटलं. ते बापलेक आळीपाळीनं चालवत ना गाडी. मी पोराले एकडाव विचारलं, तुया बाच्या डब्यात काय असते बे? तं पोरगं खाली मान घालून उभं राह्यलं."

"अन् कबुली? ते कशी झाली?"

चंद्रभानजींनी कूलर बंद केला. त्या आवाजात त्यांना हे बोलवत नव्हतं.

"रजत म्हणे, दोन चाब्या अन् दोन माणसं. कोण चोरते ते बोला, नाई तं दोघायलेबी पोलिसात देतो. नत्थूनं पोराकडं पाह्यलं. पोरानं काही त्याच्याकडं पाह्यलं नाई. मग नत्थू म्हणला, 'मी.' बस, एवढंच. बावीस वर्सं होता माझ्याकडं, मिस्त्री. कधी खिळाबी नाई नेला."

"मग तुमी काऊन नाई बोलले काही?"

चंद्रभानजींनी वर पाहिलं. "काय बोलू? तुमचा कागद होता ना रजतच्या हातात."

४

नत्थूचं गाव आर्वीपासून दहा-बारा किलोमीटर, जंगलाच्या अंगाला. दुपारच्या उन्हात तानबा मोटरसायकलवर तिथं पोचला, तेव्हा नत्थूची बायको रामबाई ओसरीत मोहफुलं निवडत बसली होती. घराचे सागवानी खांब जमिनीपासून कमरेइतके काळे होते. उधईचा, म्हणजे वाळवीचा, मागमूस नव्हता.

"वहिनी, तो पिवळा डबा हाय का?"

रामबाईनं हातातली टोपली खाली ठेवली. "आता पाहाले आले का, डब्यात काय हाय म्हणून? तवा कोणी झाकणबी उघडून पाह्यलं नाई, मिस्त्रीभाऊ."

तानबाला मान वर करता आली नाही. ती आत गेली आणि डबा घेऊन आली. अर्धा भरलेला होता. संक्रांतीनंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. झाकणावर जाळं धरलं होतं.

तानबानं सोबत आणलेला वर्तमानपत्राचा तुकडा उन्हात ठेवला आणि बोट बुडवून एक थेंब त्यावर सोडला. निव्वळ ऑइलचा थेंब कागदावर काळा गोळा होऊन बसतो. त्यात डिझेल मिसळलेलं असेल, तर काळ्या ठिपक्याभोवती फिकट ओलं कडं पसरत जातं. गरिबाची प्रयोगशाळा म्हणा! दोघं त्या कागदाकडे बघत बसले.

"त्या दिवशी घरी येऊन काही बोलले का नत्थूभाऊ?"

"मी लय भांडली," रामबाई म्हणाली. "म्हनलं, तुमी चोरलं नाई तं 'मी' काऊन म्हनलं? तं म्हने, पोऱ्याचं लगन व्हायचं हाय. माझं काय, मी म्हातारा झालो. बस. मंग त्या गोष्टीवर बोललेच नाई. अन् प्रफुल त्याच दिवशी वर्ध्याले गेला तो गेलाच. बाच्या छातीत दुखाले लागलं, दवाखान्यात टाकलं, मी शेजारच्या पोरीकडून चार-चारदा फोन लावला. नाई आला. सरणावर लाकूड ठेवालेच आला."

कागदावर फिकट कडं पसरलं होतं. चांगलं दोन बोटं रुंद. तानबानं कागद नाकाशी नेला.

"वहिनी, याच्यात डिझेल हाय."

रामबाईचा चेहरा उतरला. इतके महिने ती एकटी या माणसाच्या बाजूनं उभी होती, आणि आता तिनं डबा दूर सारला. "म्हणजे... चोरलंच होतं का त्यायनं?"

"नाई! नाई वहिनी," तानबा घाईघाईनं म्हणाला. "टाकीतून काढलेलं डिझेल असं काळं नसते. हे इंजिनातून आलेलं हाय. नत्थूभाऊनं ऑइलच काढलं. त्या ऑइलमंधीच डिझेल येऊन पडत होतं. रोज डिझेलमंधीच हात असलेल्या माणसाले त्याचा वास कायचा समजते!"

"मंग इंजिनात कोणी टाकलं ते?"

तानबानं कागदाची घडी करून खिशात घातली. त्या इंजिनात डिझेलला ऑइलपर्यंत पोचायची एकच वाट त्याच्या डोळ्यांसमोर होती. आणि ती वाट शेवटची कोणी उघडून बंद केली होती, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

५

सोमवारी सकाळी तानबानं सगळ्यांना गॅरेजवर बोलावलं. रजत तक्रार लिहूनच आला होता. चंद्रभानजी स्टुलावर बसले. आदेश दाराशी उभा राहिला. रामबाई बाजूला भिंतीला टेकून. प्रफुलनं तानबाचे दोन फोन कापले होते. तिसऱ्या वेळी "तुह्यावर तक्रार होऊन राह्यली, येजो" असं ऐकल्यावर तो वर्ध्याहून पहिल्या एसटीनं आला. सव्वीस वर्षांचा, बापासारखाच उंच. आईपासून चार हात दूर उभा राहिला.

"कागद पायजे होता ना तुले?" तानबा रजतला म्हणाला. "ये, पाह्य."

या ट्रकच्या इंजिनात इंजेक्टर वरच्या लोखंडी झाकणाच्या आत बसतात. तानबानं एकेक नट सैल करून झाकण उचललं आणि आदेशला गाडी सुरू करायला सांगितली. इंजिन धडधडायला लागलं. तानबानं बॅटरीचा उजेड तिसऱ्या इंजेक्टरवर धरला. इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी एक बारीक नळी असते. तिच्या बोल्टाशी एक थेंब फुगला, घरंगळला आणि खाली ऑइलच्या वाटेनं दिसेनासा झाला. मग दुसरा. मग तिसरा. सगळे वाकून बघत होते.

"बंद कर," तानबा म्हणाला. "हे हाय तुहं डिझेल, रजत. बाहेर गळत नाई, म्हणून खाली डाग नाई. आतून चेंबरात पडते, म्हणून ऑइल वाढते. ड्रायव्हरले वाटते यार्डवाल्यानं भरलं, यार्डवाल्याले वाटते ड्रायव्हरनं. थोडं इंजिन जाळते, राह्यलेलं ड्रायव्हर डब्यात सोडते. आदेशबी सोडते, नत्थूबी सोडे."

रजतला घाम फुटला होता, पण तो चंद्रभानजींचा पोरगा, सहज ऐकणारा नव्हे. "आता गळत असन, काका. तवा गळत होतं कायवरून?"

तानबानं वर्तमानपत्राचा तुकडा पुढं केला. "हा त्याच्या डब्यातला थेंब. संक्रांतीपासून डबा तसाच होता. अन् दुसरं ऐक. हे इंजेक्टर दिवाळीत मी बसवले. या बोल्टाखाली तांब्याचा वायसर लागते. नवा आणाले वर्ध्याले जा लागे, म्हणून मी जुनाच लाल तापवून, पाण्यात बुडवून, मऊ करून घातला. आमी सारेच करतो तसं. तो धरला नाई. दिवाळीनंतरच डिझेल कमी भराले लागलं ना? आठव."

रजतला आठवलं. तरी त्यानं विचारलंच, "मग नत्थूनं कबूल काऊन केलं? न केलेली चोरी कोण आपल्या डोक्यावर घेते?"

तानबानं प्रफुलकडे पाहिलं. हे बोलणं त्याच्या जिवावर आलं होतं. पण आता लपवायचं तरी कोणासाठी?

"प्रफुल, तू बाच्या हातात डबा पाह्यला. तुले वाटलं, बा चोरते. म्हणून तुह्यानं त्याच्या डोळ्यात पाह्यवलं नाई. खरं की नाई?"

प्रफुलनं हो म्हणून मान हलवली.

"त्याले मालूम होतं, आपण चोरलं नाई. दुसरी चाबी तुह्याकडं. अन् तू नजर चोरून राह्यला. त्याले वाटलं, पोरगंच चोरते. म्हणून त्यानं 'मी' म्हनलं. तू ते खरं धरलं अन् निघून गेला. तू गेला म्हणून त्याचं पक्कं झालं, की पोरगं शरमेनं गेलं. चोर कोणीच नोता, बाप्पा. तुमी दोघं एकमेकायले चोर समजून बसले."

प्रफुल ट्रकच्या मडगार्डला धरून उभा राहिला. रजतनं तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला, आणि मग तो बाहेर काढून त्याचे तुकडे केले. चंद्रभानजी रडत होते, आणि त्यांनी डोळे पुसलेही नाहीत.

६

सगळ्यांत आधी बोलली ती रामबाई. आवाज चढवला नाही तिनं.

"मिस्त्रीभाऊ, हे झाकण तुमी तवाच काऊन नाई खोललं?"

"वहिनी, ते खोलाचं म्हणजे अर्धा दिवस..." तानबानं सुरुवात केली, आणि थांबला. अर्धा दिवस! त्याचीच त्याला किळस आली. "नाई. खरं सांगतो. माह्या हातचं काम चुकलं असन, हे माह्या मनातच नाई आलं. नत्थू ड्रायव्हर हाय, त्यानं चोरलं असन, हे लगेच आलं."

तो हात जोडून उभा राहिला. रामबाईनं त्याच्या हातांकडे पाहिलं नाही.

"माफी माझ्याजवळ नका मागू. जिथं त्यायले चोर म्हनलं, तिथं चाला. तिथं बोला."

म्हणून ते सगळे स्टँडवर गेले. दुपारची वेळ, सावलीला सात-आठ ड्रायव्हर पत्ते कुटत बसलेले. तानबा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "नत्थू उइकेनं चोरी केली नोती. माझ्या हातचं काम गळत होतं. मी खोटा कागद दिला." पत्ते थांबले. कोणीतरी "अरे रे" म्हणालं. एक म्हातारा ड्रायव्हर उठून रामबाईसमोर मान खाली घालून उभा राहिला, कारण त्या दिवशी तो सर्वांत मोठ्यानं हसला होता. एवढंच झालं. याहून जास्त काय होणार होतं?

परत येताना प्रफुल पहिल्यांदा आईच्या बाजूनं चालला. गॅरेजशी पोचल्यावर त्यानं तिचा पदर धरला. सव्वीस वर्षांचा माणूस, भर रस्त्यात.

"माय, जातानी बा माझ्याबद्दल काही बोलला का वं?"

रामबाई त्याच्याकडे बघत राहिली. "बोलले. दवाखान्यात, आखरीच्या दिवशी. मी तुले सांगाले पाहे, पण तू तेरवीलेबी तोंड फिरवून बसला होता. अन् मलेबी त्याचा अर्थ लागला नोता."

"काय म्हनला?"

"म्हने, प्रफुलले सांगजो, मी त्याच्यावर रागावलो नाई. लेकरू हाय, चुकते. मी त्याले माफ केलं."

तानबाला ऐकवेना. तो गॅरेजात शिरला, पण दारातच त्याचे पाय थांबले. मागून प्रफुल आईला सांगत होता ते ऐकू आलं, हळू, शाळेतल्या पोरानं चूक कबूल करावी तसं.

"माय, अन् मी त्याले माफ नोतं केलं वं."